विषय क्रमांक अकरा

एप्रिलमध्ये नवं रजिस्टर मिळालं,
दोनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याचं.
वर लिहिलं : येवला नगरपरिषद, सभेचं इतिवृत्त.
खाली, शाई नीट उतरते का बघायला,
माझ्याच नावाचं पहिलं अक्षर. ते मग खोडलं.

सभेत जे बोलतात ते मी लिहीत नाही.
तासभर टेबलं वाजतात, माइकची ओढाओढ,
कुणाच्या तरी आजोबांचा उद्धार होतो.
मी लिहिते : चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.
सतरा वर्षांत या एका वाक्याखाली
किती भांडणं झाकली, माझी मलाच ठाऊक.

मे महिन्यात पाणी पाचव्या दिवशी, मग आठव्या.
दगूनाना पगारे व्हॉल्व्हची लांब चावी
खांद्यावर टाकून मध्यरात्री निघायचे,
मागोमाग गल्लीगल्लीत हंडे जागे व्हायचे.
म्हणायचे, आवाजावरून घर ओळखत होतो, बाई.
आता पितळ दोनच घरांत उरलंय.
प्लॅस्टिक बोलत नाही.

जुलैत मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली,
सप्टेंबरात नव्यांची.
निरोपाचे पेढे आणि स्वागताचे पेढे
एकाच दुकानातले, एकाच बिलावर.
लेखापाल काही म्हणाले नाहीत. त्यांनी दोन्ही खाल्ले.

प्रभाग नऊच्या हेमलता भांडगे
आठ सभा शेवटच्या खुर्चीत.
सही, चहा, बेरजेला एक हात.
बोलायचे ते त्यांचे यजमान, दारात उभे राहून;
गावही त्यांनाच नगरसेवक म्हणतं.
नवव्या सभेत विषय क्रमांक अकरा :
स्वागत कमानीचा रंग.
त्या उठल्या. माइक बंद होता. तशाच बोलल्या :
"आमच्याकडे नळ रात्री दीडला येतो.
दीड ते तीन पाणी भरायचं आणि सकाळी मागावर बसायचं.
डोळ्याला धागा दिसत नाही.
पदरातला एक मोर चुकला
की उसवण्यात दोन दिवस जातात.
कमान कुठल्याही रंगाची करा."

दारातून खोकला आला. त्या बसल्या नाहीत.

विषय कार्यसूचीवर नव्हता.
नियमाने मी लिहायला नको होतं.
लिहिलं. सगळं. मोरासकट.
सही करताना साहेब थांबले : हा मोर कशाला?
म्हटलं, सभेत झालाय साहेब.

प्रभाग नऊचा नळ पहाटे पाचला गेला.
पण पाणी तेवढंच, रात्रही तेवढीच;
दीडचा ठोका रंगार गल्लीच्या वाट्याला आला.
संक्रांतीचे तीन दिवस कुणी तक्रार केली नाही,
सगळं गाव गच्चीवर, आसारी फिरतेय, वक्काट, वक्काट,
दगूनानांनी जलकुंभावर चढून
त्रेचाळीस पतंग उतरवले, चार स्वतः ठेवले.
चौथ्या दिवशी रंगार गल्लीच्या बायका
रिकामे ड्रम वाजवत कचेरीत आल्या.

हेमलताताईही आल्या, बोलावलं नसताना.
यजमान खाली मोटारसायकलला जागा शोधत होते.
जिन्यातच बसल्या त्या, बायकांच्या मधोमध,
कुणाकडे लग्न, कुणाकडे बाळंतीण,
कुणाचा मुलगा दहावीला, असं विचारत विचारत
अर्ध्या तासाने वर आल्या, म्हणाल्या,
"एक आठवडा आम्ही, एक आठवडा या. लिहा."
कशावर लिहू? सभा नव्हती, गणपूर्ती नव्हती.
हातात कॅलेंडर होतं, त्याच्या पाठीवर लिहिलं.

एकतीस मार्च. रजिस्टरची चौदा पानं कोरी राहिली.
मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून
कोऱ्या पानावर तिरकी रेघ मारायची असते.
पट्टी ठेवून मारत बसले होते,
कचेरीत पंखा आणि मी.
दगूनाना दारात, खांद्यावर चावी :
"बाई, या आठवड्यात दीड कुणाचा?"
कॅलेंडर उलटं करून पाहिलं.
पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन
मी रंगार गल्लीत आले.
"आमचा," म्हटलं.